मिरचीची खाट आणि सहा नंबरचं प्रथिन

यंदाही चैत्र लागला, कळंब्यातल्या आमच्या गल्लीत गच्च्यागच्च्यांवर मिरच्या वाळत पडल्या आणि माझं डोकं फिरलं. लाल गालिचे वगैरे कुणाला लिहायचं असेल त्यानं खुशाल लिहावं. मला त्या मिरच्या बघून राग येतो. मिरच्यांवर रागावणारा माणूस म्हणजे बिनकामाचा माणूस, हे मला कळतं. पण गेली पाच वर्षं चैत्र-वैशाखात मी असाच असतो. घरात सगळ्यांना ठाऊक झालंय. बायको म्हणते, "अवं, तुमाला काय उष्णतेचा त्रास हाय काय? सब्जा घालून देऊ?" सब्ज्यानं उतरणारी ही उष्णता नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला आधी सांगायला हवं की आमच्याकडे चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला चिमूटभर वाढायची गोष्ट नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. ते उन्हाळ्यात एकदाच करायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत प्रत्येक आमटीत, प्रत्येक रश्श्यात तेच पडतं. रंगाला ब्याडगी, झोंबायला जवारी. आठवडाभर ऊन द्यायचं, बायकांनी गोल करून बसायचं आणि एकेका मिरचीचं देठ खुडायचं. मग खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण, खडा मसाला, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. शेवटी सगळं डब्यांत भरून डंकावर न्यायचं. तिथं लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होत असतात आणि मिरचीचा असा बारीक धुरळा उडतो की दारातल्या रांगेतली माणसंसुद्धा डोळे पुसत खोकतात. त्या धुरळ्याला आम्ही खाट म्हणतो. खाट उडाली की सगळा मोहल्ला खोकतो, आणि खोकणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला काय होतंय.

हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्या.

आमच्या घरात या सगळ्या कारखान्याचं नाक म्हणजे शालन वहिनी. माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. शिरोळकडची, कृष्णाकाठची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं पहिल्याच उन्हाळ्यात तिला कढईपुढं बसवलं, ते कायमचंच. वहिनी कढईकडं बघायच्याच नाहीत. पाठमोऱ्या बसून मिरच्यांची देठं खुडायच्या, शेजारणीशी सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि मधेच म्हणायच्या, "काढा खोबरं." काढून बघावं तर नेमकं बदामी. एक झारा उशीर झाला असता तर करपलं असतं. एकदा दादा एकादशीला बाहेर गुपचूप मिसळ खाऊन आला. तोंड धुऊन, बडीशेप चावून, देवापुढं उदबत्ती लावून बसला. वहिनी आतूनच म्हणाल्या, "देव बी म्हणंल, कट जरा जास्त घ्यायचा हुता." ही गोष्ट मी निदान पन्नास लग्नांत सांगितली आहे.

कारण गोष्टी सांगणं हे घरातलं माझं खातं. प्रत्येक घरात एक असतो. तो कामाला नसतो, वजन उचलायला नसतो, पण बारशापासून तेराव्यापर्यंत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो आणि चार माणसं त्याच्याभोवती जमतात. मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायच्या तयारीत असतात. पोटापाण्यासाठी माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे. मधे एक भला मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुक म्हणून टिकलीएवढ्या तोंडांच्या तीन ओळी. कोल्हापूरच्या चौकाचौकांत जी माणसं आकाशातून तुमच्याकडं बोट दाखवत असतात, त्यातली बरीच माझ्या मशिनीतून बाहेर पडलेली आहेत. पापी माणूस आहे मी, पण ते पाप वेगळं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा. वाढदिवस बंद होते. निवडणुकीतली तोंडं घरात बसली होती. माझ्या मशिनीतून दोनच प्रकारचे फ्लेक्स बाहेर पडत होते: 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि रुग्ण सापडलेल्या घरापुढं लावायचे 'प्रवेश निषिद्ध'. दोन्हींचे ढीग दुकानात शेजारीशेजारी पडलेले असायचे. सगळं बंद, पण मिरची कुणाचं ऐकत नाही. ती वाळली की वाळली. डंकवाला सकाळी लवकर अर्धं शटर वर करून, ओळखीच्यांचं तेवढं कांडून देत होता. तेव्हा आम्हीही ठरवलं, चटणी करून टाकू.

मला ती सकाळ इंच इंच आठवते, हेच माझं दुर्दैव. परसात चूल पेटलेली. वहिनी नेहमीसारख्या पाठमोऱ्या. माझी बायको लसूण सोलत होती. दादा बनियनवर, उपरण्यानं वारा घेत. मी अर्थात खुर्चीत. आणि बायको एकदम ओरडली, "अवो जाऊबाई, खोबरं करपलं की!"

कढईतून काळा धूर निघत होता. वहिनी कढईपासून दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. त्यांनी वळून कढईकडं पाहिलं, मग आमच्याकडं. असा गोंधळलेला चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "वासच इना झालाय की ओ भावजी मला."

दादाचं उपरणं थांबलं. मी शपथेवर सांगतो, त्या एका क्षणात तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. वर्षभर टीव्ही, वर्तमानपत्रं, फोनची कॉलर ट्यून, सगळे तेच तर सांगत होते. वास गेला की तपासा. शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आणि म्हणूनच मी तोंड उघडलं. माहीत नसतं तर मी घाबरलो असतो. माहीत होतं, म्हणून मी चेष्टा केली.

"वहिनी," मी म्हणालो, "तीस वर्सं दादाच्या मोज्यांचा वास घेतलाय त्या नाकानं. राजीनामा दिला असंल बिचाऱ्यानं!"

हसले. सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्यांदा हसला, मांडीवर थाप मारून. सुटका झाल्यासारखे हसले सगळे. वहिनी हसल्या नाहीत. त्या पुन्हा म्हणाल्या, "न्हाय ओ, खरंच. सकाळपासनं कायच कळंना. चहा बी नुसता गरम पाणी लागला. तपासून येऊ काय?"

त्यावर मी, फ्लेक्सवाला सुभाष, काय म्हणालो असेन? "या की तपासून. फलक माझ्याच दुकानातनं आणतो, घरच्यांना फुकट. मग चटणी कोण, तो फलक करणार?"

पुन्हा हशा. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे शालन, उन्हाळी सर्दी हाय. वाफ घे." आणि विषय संपला. करपलेलं खोबरं कुंडीत गेलं, दुसरं किसलं, माझी बायको कढईपुढं बसली. वहिनी उठून लांब, पेरूच्या झाडाखाली जाऊन बसल्या. पदर तोंडाला लावून.

तिसऱ्या दिवशी दादा डबे घेऊन डंकावर गेला, खोकत आला. आम्ही म्हणालो, खाट. चौथ्या दिवशी खोकला, आम्ही म्हणालो, खाट बसलीय छातीत, दूध-हळद घे. पाचव्या दिवशी त्याला ताप आला आणि आम्ही एकमेकांकडं बघणं बंद केलं. आठव्या दिवशी मी त्याला रिक्षात घालून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होतो. रिक्षावाला मागं न बघता म्हणत होता, "पावणं, खिडकीकडं तोंड करा जरा." पुढचं सांगत नाही. त्या उन्हाळ्यातलं पुढचं सगळ्यांचं सारखंच आहे.

दादाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच केला. त्याचा एकट्याचा चांगला फोटो एकही मिळेना. म्हाईच्या जेवणातला एक होता, गावाकडं देवीच्या जत्रेला गेलो होतो तेव्हाचा. त्यात त्याच्या खांद्याला खांदा लावून वहिनी उभ्या होत्या. माऊसनं एक रेघ मारून मी त्यांना कापून टाकलं. काम म्हणून सोपं होतं.

आक्का आली ती बाराव्याला. आक्का म्हणजे आमची सगळ्यात थोरली बहीण, कबनूरला दिलेली. घरात चार यंत्रमाग चालतात, त्यामुळं तिला मोठ्यांदा बोलायची सवय. कुजबुजली तरी ती दोन घरं पलीकडं ऐकू जाते. दुःखानं तर आवाज आणखी चढलेला. परसात, सगळ्यांसमोर, ती वहिनींकडं बोट करून म्हणाली, "हिनं लपवलं. नाकातनं वास गेल्याला बाईला कळत न्हाय व्हय? लांब जाऊन पेरूखाली बसत हुती म्हणं. म्हंजे माहीत हुतं की हिला! सोताला जपली आन् माझ्या भावाला घालवलं!"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. फक्त एकदा. मी चपलांच्या ढिगाकडं बघत होतो, आणि बायको, मी बोलल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून, जमिनीकडं. आमच्याकडं बाराव्याला किती प्रकारच्या चपला येतात यावर मी एक चांगला लेख लिहू शकेन.

मी काही बोललो नाही. चटकन बोलायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी बोलणं विचित्र वाटलं, महिन्यानं आणखी विचित्र, वर्षानं अशक्य. हळूहळू आक्काचं वाक्य म्हणजे आमच्या घराचा इतिहास झालं. दर उन्हाळ्यात आक्का कबनूरहून येते, कढईपुढं बसते आणि खोबरं भाजता भाजता एकदा तरी म्हणते, "तवा सांगितलं असतं तर." वहिनी देठं खुडतात. त्यांचं नाक अजून परत आलेलं नाही. कधी गॅस चालू राहिला तरी कळत नाही. कढईच्या जवळही कुणी त्यांना बसू देत नाही. "तुम्ही ऱ्हाऊ द्या," असं गोड आवाजात म्हणतात. मी खुर्चीत बसून गोष्टी सांगतो. एकादशीच्या मिसळीची गोष्टही सांगतो. कुणी म्हणेल हा माणूस किती हलकटपणा करू शकतो, तर इतका.

आणि या सगळ्यात एक तेजू आहे. दादा-वहिनींची एकुलती एक, तेजस्विनी. त्या उन्हाळ्यात ती पुण्याला होस्टेलवर अडकली होती. बापाचा अंत्यविधी तिनं फोनच्या पडद्यावर पाहिला, तोही मधे मधे अडकत. तिला सगळं समजलं ते आक्काकडून. फोनवर, आक्काच्या आवाजात. तेव्हापासून ती आईशी बोलते, म्हणजे औषध घेतलंस का, गॅस बंद केलास का, एवढं. दिवाळीला येते, चार दिवस राहते, आईनं केलेलं खाते, जाते. एकदा ती मला म्हणाली होती, "काका, मला तिच्यावर रागवायचंही नाही. पण तिच्यासमोर बसलं की वाटतं, एक शब्द. एक शब्द बोलली असतीस."

तेव्हाही मी बोललो नाही. मी तिला कुठलीशी गोष्ट सांगितली आणि ती हसली.

तेजूनं पुढं शिक्षणासाठी तोच विषाणू निवडला. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती त्याच्यावर संशोधन करते. परवा ती घरी आली ती पोस्टरचं काम घेऊनच. इथल्या तिच्या जुन्या कॉलेजात तिचं व्याख्यान होतं, मराठीत, आणि त्यासाठी मोठं चित्र हवं होतं. दुपारी दुकानात आली, पेन ड्राइव्ह टाकला आणि म्हणाली, "काका, नीट छापा. वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं सोनेरी बॉर्डरचं काही नको."

पडद्यावर मथळा आला. 'करोना विषाणूंमधील सहायक जनुके आणि त्यांची प्रथिने.' खाली एक लांब पट्टी, तिच्यावर रंगीत चौकोन.

मी आपला धंदेवाईक. म्हणालो, "तेजू, मोठा चेहरा कुणाचा ते सांग. हे काट्यांचं प्रथिन ना? टीव्हीवर दाखवायचे तेच? त्याला मधे घेऊ. आणि हे शेवटचे बारके चौकोन खाली एका ओळीत लावतो. शुभेच्छुक."

ती हसली आणि म्हणाली, "काका, उलट. माझा सगळा विषय त्या शुभेच्छुकांचाच आहे."

मग तिनं स्टूल ओढलं आणि मला समजावू लागली. मी माझ्या शब्दांत सांगतो. चूक असेल तर ती माझी. विषाणूचं सामान दोन प्रकारचं असतं. काही जनुकं अशी की त्यांच्याशिवाय त्याचं चालूच शकत नाही. स्वतःच्या प्रती काढायचं यंत्र त्यांत येतं, बाहेरचं कवच, काटे, आतली गुंडाळी धरून ठेवणारं प्रथिन, हे सगळं त्यांत येतं. आणि मग त्यांच्या अधेमधे, पट्टीच्या शेवटाकडं, ही छोटी छोटी जनुकं. यांना सहायक म्हणतात, कारण प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर विषाणू वाढवताना यातली बरीचशी कापून टाकली तरी तो मजेत वाढतो. माणसांच्या करोनात ही वेगळी, मांजरांच्यात वेगळी, कोंबड्यांच्यात वेगळी. काहींचं काम काय, ते अजून धड कळलेलंही नाही.

"मग बाळगतो कशाला ही रिकामटेकडी?" मी विचारलं. मला विचारायला सोपं होतं, मीही तसलाच.

"बशीत चालतं, काका. कारण त्या बशीत आम्ही वापरतो त्यातल्या काही पेशी मुक्या असतात. शरीरातली पेशी मुकी नसते. तिच्यात विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते. ती हाक असते. शेजारच्या पेशींना सांगते, माझ्या घरात शिरलाय, तुम्ही तयारीला लागा. ती हाक वेळेत गेली तर विषाणूचं अवघड होतं. म्हणून ही सहायक मंडळी." तिनं एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे सहा नंबरचं. एवढंसं आहे. हे पेशीच्या केंद्रकाच्या दारात जाऊन बसतं आणि हाकेचा निरोप आत पोचू देत नाही. हे दुसरं, नऊ-ब, ते हाक उठायच्या आधीच दाबतं. विषाणूला वाढायला यांची गरज नसते. पण यांच्यामुळं त्याला वेळ मिळतो. एकदोन दिवस. तेवढे पुरतात."

दुकानात पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी बुलेट फाडफाड करत गेली. मी माऊस हातात धरून बसलो होतो.

मला राग आला. पहिल्यांदा त्या हिरव्या चौकोनाचा. मग 'सहायक' या शब्दाचा. किती निरुपद्रवी शब्द. शुभेच्छुकसारखाच. अशी माणसं काहीच करत नाहीत. आजार आणत नाहीत, मारत नाहीत, कुणाच्या वाटेला जात नाहीत. ती फक्त योग्य वेळी म्हणतात, काही नाही हो. उन्हाळी हाय. खाट हाय. कशाला बोभाटा. आणि सगळ्यात वाईट प्रकार, जो हे सगळं हसवून करतो. गंभीर माणसानं गप्प बसवलं तर बाई भांडेल तरी. हसवणाऱ्यानं गप्प बसवलं तर तिनं काय करावं? आयुष्यभर मला वाटत होतं की विनोद हे माझं लोकांवरचं प्रेम आहे. परवा दुपारी, माझ्याच दुकानात, माझ्याच पडद्यावर मला त्याचा रंगीत नकाशा दिसला.

मी म्हणालो, "तेजू, तुला एक सांगायचंय."

आणि बघा माणसाची खोड. मी ते गोष्टीसारखंच सांगितलं. परस, धूर, माझ्या बायकोची किंकाळी. मोज्यांचं वाक्य आलं तेव्हा तेजू हसली. सवयीनं. लहानपणापासून माझ्या विरामांवर हसायची तिला सवय आहे. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे हळूहळू बदलले. ते बघणं मला आयुष्यभर पुरेल.

"म्हणजे आईनं सांगितलं होतं."

"हो."

"तपासायला जायचं म्हणाली होती."

"हो. दोनदा बोलली ती. दोन्ही वेळा मी..."

"आणि आत्या पाच वर्षं जे म्हणतेय ते तुम्ही ऐकत बसलात. मी जे म्हणत होते ते ऐकत बसलात."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी पडद्याकडं हात केला. "तेजू, मी म्हणजे तुझं ते सहा नंबरचं..."

"नाही!" ती स्टुलावरून उठली. "खबरदार. त्याच्यामागं लपू नका. प्रथिनाला काही कळत नाही, काका. त्याचा आकारच तसा असतो, ते बिचारं दारात अडकतं. त्याला ना लाज, ना शेजारी, ना फलकाची भीती. तुम्हाला कळत होतं."

मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण इतकं नेमकं बोलणं कधी खाल्लं नव्हतं.

"गाडी काढा," ती म्हणाली. "पोस्टर राहू दे. आत्या आहे घरात. तिच्यासमोर सांगा."

पुढच्या वीस मिनिटांच्या रस्त्यात मी स्कूटरवर जी भाषणं मनात तयार केली, त्यांतल्या प्रत्येकात सुरुवातीला एक छोटा विनोद होता. वातावरण सैल करायला. चौथ्या भाषणात हे माझ्या लक्षात आलं आणि भर रस्त्यात मी स्वतःला शिवी दिली. मागं बसलेली तेजू म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "काही नाही." तेही माझं जुनंच वाक्य.

परसात सगळं मांडलेलं होतं. आक्का गॅसवरच्या कढईपुढं पाटावर, माझी बायको परात घेऊन, आणि भिंतीच्या कडेला पोत्यावर शालन वहिनी, मांडीत देठांचा ढीग. आक्का म्हणाली, "या सायब! कामं संपायच्या टायमाला बराबर आलास की."

मी बसलो नाही. म्हणालो, "आक्का, गॅस बंद कर. मला बोलायचंय." आणि बोललो. उभ्यानं. यावेळी मी त्यात काही घातलं नाही. वहिनी काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, वहिनी परत काय म्हणाल्या, मी परत काय म्हणालो. गोष्ट इतकी छोटी आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. चार वाक्यं. ती सांगायला मला पाच वर्षं लागली.

आक्काचा चेहरा आधी तांबडा झाला, मग उतरला. "म्हंजे काय? मी खोटं बोलले व्हय रं इतकी वर्सं?"

"तू खोटं बोलली न्हाईस, आक्का. तुला खरं कुणी सांगितलं न्हाय. मी न्हाय सांगितलं."

आक्कानं झारा खाली ठेवला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बरं, झालं गेलं. आता उकरून काय माझा भाऊ परत येणार हाय? जाऊ दे. शालन, तू बी मनावर घेऊ नगंस. चेष्टेनं बोलला त्यो."

आणि इथं माझ्या रागाला पहिल्यांदा धड जागा मिळाली. मी ओरडलो. आक्कावर आयुष्यात पहिल्यांदा. "जाऊ दे न्हाय! तुझं बोट पाच वर्सं तिच्याकडं हाय. ते खाली घे आधी. माझ्याकडं कर." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. बायको परात खाली ठेवून उभी राहिली. आक्का रडायला लागली, आणि मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. तिचाही तो भाऊच होता.

वहिनींनी मांडीतली देठं झटकली. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा म्हणतील, असू द्या भावजी. मी त्या 'असू द्या'ची वाट बघत होतो, हे कबूल करतो. त्या म्हणाल्या, "बाराव्याला मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. मग दर वर्साला बघत हुते. म्हटलं, औंदा बोलतील. औंदा तरी बोलतील. तुम्ही दर वर्साला मिसळीची गोष्ट सांगितली." आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द दगडासारखा ठेवलेला. "माझी पोरगी माझ्याशी गॅसबद्दल बोलती, भावजी. नुसतं गॅसबद्दल."

तेजू इतका वेळ दारात उभी होती. ती आली आणि आईसमोर, पोत्याच्या कडेवर, मिरच्यांतच बसली. आईला मिठी वगैरे मारली नाही; आमच्या घरात तशी पद्धत नाही, आणि पाच वर्षांचं असं एका मिठीत काय होणार. ती नुसती म्हणाली, "आई, तू नेमकं काय म्हणाली होतीस? मला सांग."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "त्या दिवशी सकाळी..."

"तुम्ही गप बसा," शालन वहिनी म्हणाल्या. "माझं मी सांगते."

मी खुर्चीकडं न जाता तिथंच, फरशीवर बसलो. वहिनींनी हात पदराला पुसले, लेकीकडं बघितलं आणि सुरुवात केली. "आदल्या रात्री नुसतं अंग दुखत हुतं. कुणाला बोलले न्हाय. सकाळी चहा केला, तर वाफ तोंडावर येती, पन वास न्हाय. म्हटलं, आल्यातच दम नसंल. मग आलं हातात घेतलं, मोडलं, नाकाला लावलं..."

त्या थांबल्या.

तेजू म्हणाली, "मग?"